अर्जदार सारथी

मोटारीचा मालक एके काळी आपल्या चार चाकांपुरता तरी सार्वभौम असे. खिशात किल्ली होती, पुढ्यात ओढायची, फिरवायची व दाबायची अशी पाचसात बटणे होती, आणि त्यांपैकी कोणाचीही मनधरणी न करता त्याला काचेवरचा पाऊस पुसता येई व बाहेरचा वारा घेता येई. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रीमियर पद्मिनीविषयी तक्रारी पुष्कळ करण्यासारख्या होत्या, आणि त्या केल्याही गेल्या. परंतु थंडीच्या पहाटे चोक ओढणाऱ्या गृहस्थाला तिने ‘आपली ओळख पटली नाही’ असे सुनावल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. तो मान आजच्या सुस्थित व सुशिक्षित पिढीसाठी राखून ठेवला होता.

किल्ली आता मोबाइलमध्ये निराकार रूपाने वास करते. तिचे लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. चिरंजिवांच्या नावे शनिवारपुरता परवाना काढावा, रविवारी सकाळी तो खालसा करावा, आणि या दोन्ही हुकमांसाठी गादीवरून उठावेही लागू नये, असा अंमल पेशवाईतल्या भल्याभल्या सरदारांना साधला नव्हता. मात्र ज्या दफ्तरात ही सनद जमा असते, ते आपल्या घरी नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाचे ॲप काही तास बंद पडले, तेव्हा केवळ मोबाइलवर विसंबून बाहेर पडलेले कित्येक मालक स्वतःच्याच मोटारीबाहेर तिष्ठत राहिले आणि इलॉन मस्क यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पूर्वी किल्ली हरवली तर निदान पलंगाखाली वाकून पाहता येई. आता ती खिशात असतानाच हरवते.

दार उघडले म्हणजे अर्जी मंजूर झाली, असे मात्र समजू नये. आत पडदा असतो. ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतल्या ब्यूक रिव्हिएरा मोटारीत १९८६ सालीच स्पर्शाचा पडदा बसवला होता, आणि गिऱ्हाइकांच्या कुरकुरीपायी थोड्याच वर्षांत तो काढूनही टाकला होता. पण प्रत्येक बटणाला स्वतंत्र साचा व स्वतंत्र तार लागते आणि पडद्यावरचे चित्र बदलायला यांपैकी काहीच लागत नाही, हा हिशेब कारखानदारांना उमगला आणि काटकसर ऐश्वर्याचा पोशाख चढवून परत आली. जर्मनीत एका टेस्लाचालकाने मुसळधार पावसात वायपरची गती बदलण्यासाठी पडद्यावरच्या यादीत आणि त्या यादीतल्या पोटयादीत लक्ष घातले, तेवढ्यात मोटार रस्ता सोडून झाडांवर गेली. प्रकरण कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि २०२० साली निवाडा झाला की, हा पडदासुद्धा मोबाइलसारखेच उपकरण असून गाडी चालवताना त्यात डोळे गुंतवणे हा गुन्हा होय. सबब दंड २०० युरो आणि महिनाभर मोटार चालवण्यास मनाई. म्हणजे पाऊस पुसावा तर कायदा मोडतो, न पुसावा तर रस्ता दिसत नाही, आणि वायपरला पडद्याआड कोंडणारा कारखानदार आरोपीच्या पिंजऱ्यात कोठेच नाही!

स्वीडनमधील एका नियतकालिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या मोटारींत बटण व पडदा यांची परीक्षा घेतली. चार साधी कामे उरकण्यास १७ वर्षांच्या जुन्या व्होल्व्होला १० सेकंद पुरले. नव्यांतल्या सर्वांत मंद मोटारीला ४४.९ सेकंद लागले, आणि तेवढ्या अवधीत ती १,३७२ मीटर पुढे निघून गेली होती. अखेर मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने फर्मान काढले, की २०२६ पासून पूर्ण पाच तारे हवे असतील तर दिशादर्शक दिवे, वायपर, भोंगा यांसारख्या गोष्टींना हाताला लागेल असे बटण पाहिजे. भोंग्याला बटण असावे यासाठी फर्मान! पुण्यातल्या वाहनचालकाला हे सांगितले तर तो ते खरे मानणार नाही, आणि भोंगा वाजवूनच आपला अविश्वास नोंदवील.

परंतु हाच गृहस्थ शोरूममध्ये शिरला की सर्वप्रथम पडदा किती इंची हे विचारतो. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एका विजेच्या मोटारीत १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीने मांडले आहेत. ते पाहून ज्याच्या डोळ्यांचे पारणे फिटले, तोच सहा महिन्यांनी ‘साधा एसी कमी करायचा तर पंचायत’ म्हणून चारचौघांत उसासे टाकतो, आणि शेजाऱ्याने चार पडद्यांची मोटार घेतली तर त्याला झोप येत नाही.

दसऱ्याला तर या प्रेमाला भरते येते. चाकांखाली लिंबे, बॉनेटवर झेंडूचा हार, छायाचित्रासाठी शोरूमने हाती दिलेली दीड हात लांबीची पुठ्ठ्याची किल्ली, असा सारा थाट जमल्यावर गुरुजी खरी किल्ली तबकात ठेवायला मागतात. यजमान मोबाइल पुढे करतात. गुरुजी निर्विकारपणे त्याच्या काचेवर हळदकुंकू वाहतात, अक्षता टाकतात, आणि आता एक फेरी मारून या म्हणतात. कुंकवाने माखलेला अंगठा मोबाइल ओळखत नाही, आठवायला सोपा म्हणून घेतलेला आकड्यांचा संकेत सौभाग्यवतींच्या वाढदिवसावर ठेवलेला असल्यामुळे तो आठवत नाही, मुहूर्त मात्र टळत चाललेला असतो. तेव्हा मागे उभा असलेला शोरूमचा पोरगा मुकाट्याने पुढे होतो, खिशातल्या रिमोटचे टोपण नखाने उचकटतो, आणि त्याच्या पोटातून बोटभर लांबीची लोखंडी किल्ली बाहेर काढतो.