सुरक्षा, १२८ जीबीची

दुसरी-तिसरीतल्या पोराला मोबाइल कशाला दिला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षेसाठी. त्यावर आणखी काही विचारणारा माणूस निर्दयी ठरतो, म्हणून सहसा कोणी विचारत नाही. आपण विचारू. सुरक्षेसाठी लागतं काय? आई, बाबा आणि आजीला फोन लावता यावा, त्यांचा आलेला घेता यावा. एवढं काम बटणांचा साधा फोन दीड-दोन हजारांत करतो आणि एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस तक्रार करत नाही. पण घरातून निघालेली ही गरज दुकानाच्या काउंटरपाशी पोचेपर्यंत चांगलीच बाळसं धरते. मग पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा लागतो, १२८ जीबी लागतात, गेम अडकू नये म्हणून जरा बरा प्रोसेसर लागतो आणि वर सशाचे कान असलेलं गुलाबी कव्हर. पळवून नेणारा आलाच तर निदान त्याचा फोटो तरी स्वच्छ यावा, असा दूरदर्शी विचार त्यामागे असणार. साधा फोन का नाही घेतला? तर म्हणे, ‘वर्गात हसतात हो त्याला!’ म्हणजे संरक्षण हवं होतं ते हसणाऱ्यांपासून.

आता खरे धोके कुठे आहेत ते पाहू. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली आणि त्यांत अठरा वर्षांखालची मुलं नऊ हजारांच्या वर होती. ही केंद्र सरकारच्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी. भरधाव डंपरपुढे मोबाइल धरून तो थांबत नाही. उलट रस्ता ओलांडताना मान खाली घालायला मुलाला आयतं कारण मिळतं. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११पासून स्वतंत्र नियम आहेत, पण मांडीवर मांडी ठेवून मुलं कोंबलेल्या व्हॅनकडे पाहून त्यांची आठवण क्वचितच कोणाला होते. व्हॅनवाल्या काकांना जाब विचारायचा तर चार पालकांना एकत्र यावं लागतं. मोबाइल एकट्याने, हप्त्यावर घेता येतो. दुसरा धोका तर आपण उच्चारायलाही कचरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मुलांवरच्या बलात्काराच्या, पॉक्सो कायद्याखालील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. नातेवाईक, शेजारी, शाळेत रोज दिसणारा माणूस. ज्याच्यापासून वाचवायचं त्याचाच नंबर त्या फोनमध्ये ‘काका’ म्हणून सेव्ह असण्याची शक्यता जास्त. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतला लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाला, त्यातल्या मुली चार वर्षांच्या होत्या. त्यांच्या हाती कुठलं मॉडेल द्यायला हवं होतं? त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश दिले. त्यांची अंमलबजावणी आपल्या शाळेत झाली का, हे मुख्याध्यापकांना विचारायला मात्र कसलंच रिचार्ज लागत नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, आणि बंबाला सहा महिन्यांची वॉरंटी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आईबाप दोघंही नोकरीला, घरात आजी-आजोबा नाहीत, पावसाने लोकल बंद पडली तर मुलाला कळवायचं कसं? ही काळजी खोटी नाही, तिची टवाळीही करायची नाही. पण काळजी कोणाची कमी होते, तेवढं कबूल करावं. बहुतेक शाळांत मोबाइल चालत नाही, म्हणून हे सुरक्षायंत्र सकाळी सातपासून दप्तराच्या तळाशी, डब्याच्या पिशवीखाली, बंद पडून असतं. शाळा सुटल्यावर ते चालू होतं आणि ऑफिसातल्या बाबांना नकाशावर निळा ठिपका दिसतो. तो ठिपका मोबाइल कुठे आहे ते सांगतो. मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, रडतंय की हसतंय, हे त्याला ठाऊक नसतं. मग घड्याळ द्यावं म्हणाल, तर २०१७ साली नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने मुलांची जीपीएस घड्याळं तपासली, तेव्हा काहींत परका माणूस घुसून मुलाचा माग काढू शकतो, असं आढळलं. त्याच वर्षी जर्मनीने चोरून ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली आणि पालकांना ती मोडून टाकायला सांगितलं. काही पालक त्या घड्याळातून वर्गातल्या बाईंचं शिकवणं ऐकत होते म्हणे. आपल्याकडे हीच गोष्ट जाहिरातीत वैशिष्ट्य म्हणून छापली असती.

दुसरा आक्षेप असा की, ‘आम्ही पेरेंटल कंट्रोल लावलंय.’ उत्तम. ते लावताना अडलं कुठे तेव्हा मदत कोणी केली, एवढं आठवून पाहावं. आणि त्याचा पिन पोराच्याच वाढदिवसाचा नाही ना, तेही. ‘असर’ या शिक्षण-अहवालाच्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के निघाली. ही मोठी मुलं, तरी तराजू असा झुकतो. परक्या माणसाला पूर्वी चॉकलेट घेऊन शाळेच्या फाटकाशी ताटकळावं लागे, वॉचमनची नजर चुकवावी लागे. आता गेममधल्या चॅटमधून तो थेट मुलाच्या पांघरुणात येतो, आणि त्याच्या प्रवासाचा डेटापॅक आपण भरतो. सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांची खाती नकोत, असा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२४ साली केला. आपल्याकडे अठराच्या आत मुलाच्या नावावर सिमकार्डही मिळत नाही, म्हणून ते बाबांच्या आधारवर घेतलं जातं. कायदाही पाळला आणि पोरही खूश.

राहता राहिला संकटाचा क्षण. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, १९९६मध्ये मुंबईत चाइल्डलाइन म्हणून सुरू झालेली. हा चार आकड्यांचा नंबर कुठल्याही फोनवरून फुकट लागतो. तो किती मुलांना पाठ करून घेतलाय? समजा, व्हॅन बंद पडली, पोर रस्त्यात उतरलं आणि रील्स बघून बघून बॅटरी संपलेली. कोपऱ्यावरचा किराणावाला भला माणूस, स्वतःचा फोन पुढे करून म्हणतो, ‘बाळा, बाबांचा नंबर सांग.’ आणि पोर पूर्ण आत्मविश्वासाने काळा पडलेला स्क्रीन त्याच्यापुढे धरतं: ‘यात आहे ना!’