दाणा फुकट, भाकरी महाग

१ जानेवारी २०२३ पासून रेशनवरचं धान्य फुकट झालं. पुढे २०२४ पासून आणखी पाच वर्षं ते फुकटच ठेवायचं ठरलं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हे चांगलंच झालं. ज्यांना ही खिरापत वाटते त्यांनी महिनाअखेरीला रेशन दुकानासमोर तासभर उभं राहून बघावं.

पण गहू कुणी कच्चा खात नाही. तो निवडायचा, गिरणीवर न्यायचा, दळणाचे पैसे द्यायचे, पीठ मळायचं, पोळी तव्यावर टाकायची. तव्याखाली जाळ लागतो. पोळीबरोबर कालवण लागतं, कालवणात डाळ लागते, फोडणीला तेल लागतं. सरकार दाणा देतं आणि तिथेच थांबतं. त्या दाण्याचं जेवण होईपर्यंतचा सगळा खर्च बाजारभावाने. माझं भांडण या खर्चाबद्दल आहे, कारण गरिबाचं घर आज तिथे मोडतं आहे.

आधी टाकी घ्या. मुंबईत १४.२ किलोची घरगुती टाकी नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना होती. मार्च २०२३ मध्ये ती ११०२.५० झाली. ऑगस्टअखेरीस २०० रुपये उतरले, २०२४ च्या महिला दिनी आणखी १०० उतरले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० चढले आणि भाव ८५२.५० वर आला. दोनदा स्वस्त होऊनही टाकी तेव्हा २०२० च्या त्या भावापेक्षा २५८.५० रुपयांनी महागच होती. आपण वापरतो त्यातला साधारण ६० टक्के गॅस बाहेरून येतो. त्याची किंमत सौदी अरेबियात ठरते आणि डॉलरमध्ये चुकती होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईने त्या दोन्हींचं काय करायचं?

तिच्यासाठी उज्ज्वला योजना आहे. १ मे २०१६ रोजी बलियात ती सुरू झाली आणि गॅसची जोडणी बाईच्या नावावर आली, याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण शेगडी घरात आली म्हणजे ती रोज पेटतेच असं नाही. २०२२-२३ मध्ये उज्ज्वलाच्या कुटुंबाने वर्षाला सरासरी चारसुद्धा टाक्या भरल्या नाहीत. मे २०२२ मध्ये २०० रुपयांचं अनुदान आलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झालं, आणि २०२४-२५ मध्ये सरासरी साडेचारच्या आसपास पोचली. बायकांना गॅस नकोय, चुलीचीच सवय आहे, असं म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कुठलं द्यायचं? पैसे सुटले तसा गॅस वापरला गेला. तरीही पाच माणसांच्या घरात टाकी महिना, फार तर दीड महिना चालते. साडेचार टाक्यांत वर्ष कसं निघणार? उरलेले महिने लाकूडफाटा, तुराट्या, गोवऱ्या आणि धूर.

आणि ते ३०० रुपये हातात येतात ते नंतर, खात्यात. टाकी दारात येते त्या दिवशी पूर्ण रक्कम मोजावी लागते. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात एका दिवशी एवढे पैसे नसतात, म्हणून रिकामी टाकी कोपऱ्यात उभी राहते. अनुदान टाकी घेतानाच वजा करायला काय हरकत आहे? कनेक्शन नोंदलेलं आहे, आधार जोडलेलं आहे.

या हिशेबात एक गोष्ट कुणी धरत नाही. डाळ शिजायला वेळ लागतो. चवळी, मटकी, हरभरा यांना त्याहून जास्त. गॅस जपून वापरायचा असला की घरातली बाई आधी हेच पदार्थ कमी करते. पिठलं पटकन होतं, बटाटा पटकन होतो, ठेच्याला जाळच लागत नाही. म्हणजे डाळ बाजारात स्वस्त झाली तरी ताटात परत येईल याची खात्री नाही, कारण तिला शिजवणारा गॅस स्वस्त झालेला नसतो. जळणाचा भाव एका खात्यात आणि धान्याचा दुसऱ्या खात्यात मांडणाऱ्यांना हे दिसत नाही. चुलीपुढे बसणारीला रोज दिसतं. शिवाय शेवटी जेवणारीही तीच, त्यामुळे जे कमी पडतं ते तिच्याच वाट्याचं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. अन्नपदार्थ तर वर्षभरात पाच टक्क्यांनी उतरले. बरोबर आहे. पण त्याआधीच्या वर्षभरात ते १०.८७ टक्क्यांनी चढले होते. शंभराचे जवळजवळ १११ झाले आणि तिथून १०५ वर आले. दोन वर्षांत मजुरी जिथे वाढली नाही, त्या घराला या ०.२५ चा काय उपयोग? ग्रामीण भागात २०२३-२४ मध्ये माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४१२२ रुपये होता, त्यातले ४७ टक्के खाण्यावर. ही सरासरी. तळच्या घरांत माणशी खर्च याच्या निम्म्यावरही जात नाही.

विजेचं थोडक्यात. बिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, अधूनमधून इंधन समायोजन येतं, वर १६ टक्के वीज शुल्क. एक पंखा आणि दोन दिवे असलेल्या खोलीलाही स्थिर आकार चुकत नाही. गिरणीवाल्याचंही बिल वाढतं आणि दळणाचा दर वाढतो. एकदा वाढलेला दळणाचा दर उतरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तेलाचं मात्र थोडक्यात भागणार नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आयात होतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेला. सोयाबीनवाल्याला भाव मिळावा म्हणून, असं सांगितलं गेलं. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. तेलाची पिशवी दिवाळीच्या तोंडावर महागली. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात क्विंटलमागे शेकड्यांनी कमी मिळत होते. मे २०२५ च्या शेवटी कर पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणला. या सगळ्यात मराठवाड्यातला शेतकरी दोनदा मार खाऊन गेला, एकदा सोयाबीन विकताना आणि एकदा तेल विकत घेताना.

कांद्याचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली, मधल्या काळात लासलगावचा शेतकरी बुडाला. शहरातल्या ताटासाठी नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पाडायचा, हा मार्ग मला मान्य नाही. शहरातला गरीबही तो मागत नाही.

मार्ग दुसरा आहे आणि तो देशात चालू आहे. तमिळनाडूत रेशन कार्डावर तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपये लिटरने मिळतं, गेली कित्येक वर्षं. आपण काय केलं? २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ काढला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. लोकांनी रांगा लावून घेतला, कारण त्यात डाळ आणि तेल होतं. मग तो सणांपुरता राहिला आणि २०२५ च्या दिवाळीत मिळालाच नाही. तूर आपल्याकडे विदर्भात, मराठवाड्यात पिकते. २०२५-२६ साठी तिचा हमीभाव ८००० रुपये ठरला. त्या भावाने सरकारने ती विकत घ्यावी, भरडावी आणि रेशनवर महिन्याला किलोभर डाळ द्यावी. शेतकऱ्याला भाव मिळेल, घराला डाळ मिळेल, आणि भाव पाडण्यासाठी बाहेरची तूर बिनकराची आणावी लागणार नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात. पैसे बाईच्या हातात पडतात, ते पडावेतच. पण मुंबईच्या एप्रिल २०२५ मधल्या ८५२.५० च्या भावाने एक टाकी भरली की ६४७.५० उरत. भाव चढले की १५०० तेवढेच राहतात. किलोभर डाळ ही भाव चढला तरी किलोभरच राहते.

१९७२ च्या दुष्काळात या राज्यातल्या बायकांनी नेमकं हेच मागितलं होतं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते. कुणी समाजवादी, कुणी कम्युनिस्ट. सगळ्या महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. जिन्नस नेमून दिलेल्या दराने मिळाले पाहिजेत, ही त्यांची मागणी होती. पक्ष बाजूला ठेवून आज ती मागणी विधानसभेत कोण मांडणार आहे? सत्तेतल्या आणि विरोधातल्या दोन्हीकडच्या महिला आमदारांना मी हे विचारते आहे.

मांडताना त्यांनी आणखी एक आकडा बरोबर न्यावा. प्राधान्य कुटुंबासाठी शहरातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये, गावात ४४ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. नवरा वॉचमन आणि बायको चार घरची कामं करणारी असली की ते घर या मर्यादेच्या बाहेर. त्या घराला फुकट दाणाही नाही. खोलीचं भाडं, पोरांची फी, टाकी, तेल, डाळ आणि गहूसुद्धा ते बाजारभावानेच घेतं. डाळ-तेलाचा निर्णय होईल तेव्हा होईल. ही मर्यादा वाढवून घेण्याचं काम येत्या अधिवेशनात करता येईल.