शिबिरार्थी कायम शिबिरार्थी कसा ठेवावा?
(नवोदित नाट्यशिबिर-संचालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

अभिनंदन! तुम्ही नाट्यशिबिर काढलंय. हॉल मिळाला, बॅच भरली, फ्लेक्सवर हनुवटीला हात लावलेला तुमचा फोटोही झळकला. खरा धोका आता सुरू होतो. या बॅचमधली एखादी मुलगी उद्या स्वतःच नाटक बसवायला लागली तर? शिबिरार्थी फी भरतो आणि रंगकर्मी नाईट मागतो. आपल्या वहीत पहिला जमेला असतो, दुसरा खर्चाला. नवख्या संचालकाने ही वही सतत डोळ्यांपुढे ठेवावी.

सुरुवात खेळांपासून करा. गोल करून उभं राहा, डोळे मिटा, झाड व्हा. मग आरशाचा खेळ, मग डोळे मिटून पाठीमागे पडायचा खेळ. हे सगळे खेळ चांगलेच आहेत, मुलं मोकळी होतात, म्हणूनच तिथून पुढे जाऊ नका. तीन उन्हाळे झाड झालेल्या मुलाने संवाद मागितला, तर त्याला ‘पातळी दोन’मध्ये घाला. तिथेही झाडच, पण ॲडव्हान्स. शेवटच्या दिवशी पालकांसमोर अर्ध्या तासाचं सादरीकरण, सगळ्यांना पदक आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. सगळ्यांना, हे महत्त्वाचं. ‘तुझं हे जमलं नाही’ असं एकदा जरी कुणाला सांगितलंत, तर तो घरी जाऊन विचार करील, आणि विचार करणारी मुलं पुढच्या बॅचला येतीलच असं नाही.

स्पर्धांपासून मुलांना शक्यतो लांब ठेवा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. कॉलेजची मुलं पावसाळाभर तालमी करतात, एकमेकांशी भांडतात, भरत नाट्य मंदिरात उभी राहतात आणि परीक्षकांकडून बोलणी खातात. 2022 साली तर परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकांकिकाच नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! मला तो निर्णय कठोर वाटला, पण त्या मुलांना कुणीतरी रंगकर्मी समजून मोजलं, हेही खरं. आपल्या शिबिरात असला प्रमाद घडता कामा नये.

इतिहासही जपून सांगा. 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीचे होते आणि नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे पंचविशीचे. दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे. प्रयोग वादात सापडला, तेव्हा या मंडळींनी आपली जुनी नाट्यसंस्था सोडून 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी उभी केली. पुढच्याच वर्षी सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’ लिहिलं आणि बसवलंही, तेही पंचविशीतच. ‘अजून तुमची तयारी नाही’ असं या पोरांना कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मराठी रंगभूमीची केवढी शिस्त राहिली असती!

डिमरला हात लावू देऊ नका. लेव्हल्स उचलायला, खुर्च्या मांडायला, चहा आणायला मुलं चालतील, त्यांना तेवढाच अनुभव. पण लाइट्स ऑपरेट करायला बसलेली मुलगी एकाच प्रयोगात शिकते की ब्लॅकआऊटला जरा उशीर झाला तर नटाने मिळवलेली शांतता वाया जाते. मग ती नाटक वेगळंच पाहायला लागते. मग ‘ही एन्ट्री दुसऱ्या विंगेतून का नको?’ असं विचारते. आणि हा प्रश्न तुम्हाला आवडणार नाही.

सर्वांत काळजीपूर्वक लपवायची ती कागदपत्रं. लेखकाची लेखी परवानगी कशी घ्यायची, त्याचं मानधन कसं ठरवायचं, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र कसं मिळवायचं, नाट्यगृहाची तारीख आणि अनामत रक्कम म्हणजे काय, जाहिरातीत कुणाचं नाव कुठे जातं, यातलं एक अक्षर शिबिरात निघता कामा नये. आवाजाची फेक शिकवा, श्वास शिकवा, नवरस शिकवा. पण 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात, हे कुणाला कळू देऊ नका. तुमच्या प्रत्येक बॅचमध्ये सात माणसं असतात.

आता सगळ्यात नाजूक वळण. कॉलेज संपलं की करंडकही संपतो. पुरुषोत्तमला उतरायला विद्यार्थी असावं लागतं. गेल्या वर्षी टाळ्यांवर टाळ्या घेतलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा अचानक उघड्यावर येतो. कॉलेजचा हॉल नाही, पाठीशी सर नाहीत, ग्रुपमधले दोघे नोकरीला लागलेत, एक मुंबईला मालिकांसाठी गेलाय, आणि घरी रोज एकच प्रश्न. त्याच्याकडे नाटक असतं, पण तालमीला जागा नसते. मराठी रंगभूमीची सगळ्यात जास्त गळती इथेच होते, अभिनयाच्या अभावामुळे नव्हे. अशा वेळी त्याला ‘मास्टरक्लास’ विका. चुकूनही त्याला संध्याकाळी सातनंतर रिकामा पडलेला तुमचा हॉल देऊ नका. 1974 नंतर आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नेमकी हीच चूक केली. जागा होती, तारखा मिळत होत्या, कमी खर्चात प्रयोग होत होता आणि पडलेलं नाटक पाहायलाही माणसं येत होती. पाहता पाहता त्याची चळवळ झाली. अनेक मंडळी तिथून कायमची हाताबाहेर गेली.

पैशांविषयी एकच नियम: ‘एक्स्पोजर’ द्या. साहाय्यक म्हणून राबवून घ्या, पण पाकीट देऊ नका. पाकीट मिळालं की माणूस वेळेवर येतो, कामाची जबाबदारी घेतो आणि पुढच्या वेळी आकडा विचारतो. म्हणजे व्यावसायिक होतो. ज्यांच्या घरी पैशांची अडचण नाही ती मुलं फुकट राबत टिकतील, बाकीची गळतील. पुढे परिसंवादात ‘रंगभूमीवर सगळ्या थरांतली मुलं का येत नाहीत?’ या विषयावर बोलायची संधीही तुम्हालाच मिळेल.

हे सगळं वाचूनही काही संचालकांना जमायचं नाही. त्यांचा जीव मुलांत अडकतो. अशांना एवढंच सांगतो: हॉल आठवड्यातून दोन रात्री सोडून द्या आणि किल्ली मुलांकडेच राहू द्या. तालीम पाहायला बोलावलं तर जा, जे खटकलं ते सांगा आणि घरी या, ब्लॉकिंग बदलू नका. साहाय्यकाला थोडे का होईना पैसे द्या आणि जाहिरातीत त्याचं नाव नीट छापा. कागदपत्रांची फाइल उघडून दाखवा. आणि त्यांचा पहिला प्रयोग लागला की तिकीट काढून जा. पास मागू नका.