मीटरवाले मामा

बारामतीतून भिगवण रस्त्याने बाहेर पडा किंवा इंदापुरात सोलापूर हायवेला लागा. टायरवाला आणि रसवंती यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये मामा सापडतातच. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिकल्स' लिहिलेलं असतं, पण पाटी वाचून कुणी येत नाही. बॉनेट उघडलेल्या दोन गाड्या आणि त्यांच्याभोवती सात सल्लागार दिसले, की शेड आलं. मामांचे पाय तेवढे दारातून बाहेर असतात, बाकीचे मामा डॅशबोर्डखाली. गिऱ्हाईक पायांशीच बोलतं.

"मामा, मीटर गेलंय. नवीन टाका."

"गेलंय कुठं? समोरच हाय की."

मीटर हा साक्षीदार आहे, आरोपी नव्हे, ही मामांची ठाम समजूत. काटा चुकीचं दाखवतोय म्हणजे त्याला कुणीतरी चुकीचं सांगतंय, आणि तो सांगणारा सापडेपर्यंत मामा मीटरच्या स्क्रूला हात लावत नाहीत. आधी उलटतपासणी. कधीपासनं? लाइट लावल्यावर का आधीच? मधी कुणी हात घातला हुता? या शेवटच्या प्रश्नाला सगळा तालुका एकमुखाने 'छे छे, कुणीच नाही' म्हणतो. मग मामा डॅशबोर्डखालून चिकटपट्टी गुंडाळलेली एक लाल वायर ओढून काढतात आणि काही न बोलता मालकाच्या हातात देतात. गळीत हंगामात ही वायर बहुधा ट्रॅक्टरच्या ॲम्प्लिफायरची असते. दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर गाणी वाजलीच पाहिजेत, आणि त्यासाठीचा करंट कुठूनतरी घ्यायचा, तर मीटरच्या फ्यूजवरून घेतला. गाणं वाढलं की काटे झोपतात. मालकाला वाटतं, मीटर डुप्लिकेट निघालं.

डिझेलच्या काट्याचं प्रकरण मामांच्या विशेष आवडीचं. टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, त्याचा दांडा एका पट्टीवर घासत खाली-वर होतो, आणि पट्टीचा रेझिस्टन्स बदलेल तसा काटा हलतो. मामा टाकीवरचा कपलर काढतात, त्याची वायर बॉडीला टेकवतात. काटा एका टोकाला पळाला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष टाकीत. दोन मिनिटांचं काम, पण त्यानंतरचं भाषण पंधरा मिनिटांचं. "मालक, तुम्ही कायम दोनशेचंच डिझेल टाकणार. पट्टी खालच्या अंगालाच घासून गेली. ह्यो काटा फुलपातूर कधी गेलाय का? मग त्याला वरची वाट कशी ठावं आसंल?" सातही सल्लागार हसतात. त्यातल्या पाचांच्या गाडीतही दोनशेचंच असतं.

भिगवणच्या मासळी बाजारातून येणारी पिकअप मामा लांबूनच ओळखतात, वासाने नव्हे, दिव्यांवरून. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर आणि इंडिकेटर दिला की बाकीचे काटे त्याच तालावर नाचायला लागतात. मालक घाबरून रेडिएटरमध्ये पाणी ओतत बसतो. इंजिन थंडगार असतं. बर्फाचं पाणी गळून गळून बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. करंटला परतीची वाट नाही, म्हणून तो मीटरमधून शिरतो. मामा बोल्ट सोडवतात, पॉलिश पेपर मारतात, पुन्हा आवळतात. खर्च शून्य. मजुरी मात्र पूर्ण, कारण बोल्ट कुठला ते मामांना माहीत होतं.

लाल दिव्याला कंटाळून त्याचा बल्बच काढून टाकणारे महाभागही येतात. जुन्या गाड्यांत बॅटरीच्या त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो, त्यामुळे बल्ब काढला की चार्जिंग सुरूच होत नाही. हे ऐकल्यावर गिऱ्हाईक मामांकडे संशयाने पाहतं. एवढासा बल्ब एवढी मोठी बॅटरी चालवतो, हे त्याला पटत नाही.

नव्या गाड्यांनी मामांना आधी छळलं. स्पीडोमीटरची केबल गेली, काट्यांच्या जागी पडदा आला, आणि सगळी खबर एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींतून फिरू लागली. मग आयटीआय झालेला भाचा स्कॅनर घेऊन आला. स्कॅनर म्हणाला, मीटरचा संपर्क तुटला आहे. "ते मला बी दिसतंय," मामा म्हणाले. बॅटरी सोडवून त्यांनी त्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर धरला. साठ ओहम यायला हवे होते, आले एकशेवीस. म्हणजे मधे कुठेतरी तार तुटली. शेजारच्या फडातला ऊस तुटल्यावर बेघर झालेल्या उंदराने बॉनेटखाली संसार मांडला होता. मामांनी वायर जोडली, पीळ होता तसाच घातला. तेव्हापासून भाचा आधी मामांना विचारतो आणि मग स्कॅनर लावतो.

किलोमीटर मागे घ्यायला सांगणाऱ्याला मात्र मामा चहाही पाजत नाहीत. ब्रेकच्या पॅडलचं रबर दाखवतात. "ह्ये बी मागं घेऊ का?"

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडीवरून इंदापुरात येते, तेव्हा दिंडीच्या ट्रकच्या लाइटीचे पैसे मामा घेत नाहीत. हिशेबाला कडक माणूस, पण तेवढ्यापुरता वहीच हरवतो.

मामांकडे जायचं असेल तर नवीन मीटर विकत घेऊन जाऊ नका, ते परत घ्यायला दुकानदार तयार नसतो. गाडीला कुणी काय काय जोडलंय ते आधीच खरं सांगा. मजुरी तासावर असते. आणि शक्यतो कारखाने सुरू होण्याआधी जा, नंतर शेडसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही.