झोपमोडीचा ऋतू

कवींनी शरदाचं जे काही करून ठेवलं आहे, त्याची जबाबदारी पुण्याच्या हवेने कधीच घेतलेली नाही. निरभ्र आकाश, टिपूर चांदणं, कमळं, हंस. यातलं आकाश तेवढं आमच्याकडे खरोखरच निरभ्र होतं आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस काढता पाय घेतो, ढग जातात, चार महिने भिजलेली जमीन वाफ सोडू लागते आणि वर सूर्य मोकळा सुटतो. याला आम्ही ऑक्टोबर हीट म्हणतो. एरवी मुंबईच्या पाहुण्यांना ‘हवा मात्र आमचीच’ असं सुनावणारा पुणेकर या दिवसांत पाण्याच्या टंचाईवर बोलतो.

म्हणजे दिवसा बाहेर पडायची सोय नाही. आणि सण, जत्रा, मैफली, सहली यांची सगळी दाटी नेमकी भाद्रपदाच्या शेवटापासून कार्तिकापर्यंत. यावर या शहराने तोडगा काढला तो असा, की शरदातली प्रत्येक मौज माणसाच्या झोपेच्या वेळी करायची. माझं म्हणणं पटत नसेल तर कॅलेंडर उघडून बघा. एक तरी कार्यक्रम असा दाखवा, ज्याची वेळ मध्यरात्रीची किंवा पहाटे चारची नाही.

सुरुवात कासपासून होते. पठारावरची फुलं पाहायला सप्टेंबरात जायचं. गर्दीमुळे आता आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि नोंदणीत आपल्याला सकाळचीच वेळ मिळते. पुण्यापासून कास एकशे चाळीसेक किलोमीटर, त्यात खंबाटकी घाट. म्हणून साडू पहाटे साडेतीनला गाडी घेऊन दारात उभे राहतात आणि सबंध सोसायटीला कळेल असा हॉर्न देतात. कास म्हणजे जांभ्या खडकाचं, बाराशे मीटर उंचीवरचं पठार. वर मातीचा थर इतका पातळ, की झाडं तग धरत नाहीत आणि घोट्याएवढ्या रोपांचं फावतं. साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती तिथे नोंदलेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात कासही आलं. हे सगळं मला गाइडने सांगितलं तेव्हा मी उभ्या उभ्या पेंगत होतो. जाग आली ती ‘सीतेची आसवं’ या फुलापाशी. नाव ऐकून आमच्यातल्या बायका हळहळल्या. तेवढ्यात गाइड म्हणाला, ही वनस्पती किडे खाते. त्यानंतर त्या फुलाकडे सगळ्यांनी जरा लांबूनच पाहिलं.

टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, हेही त्यानेच सांगितलं. यंदा नव्हती. साडूंनी विचारलं, “मग आज कशाला आलो आपण?” रात्री तीनला उठलेल्या माणसाचा प्रश्न म्हणून मला तो अगदी रास्त वाटला. परतीच्या वाटेवर मी सातारा ते कात्रज बोगदा झोपलो. सहलीचा तेवढा भाग फार छान झाला.

मग नवरात्र. तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता. घटस्थापनेपासून पहाटेच्या अंधारात बायका तिच्या दर्शनाला अनवाणी निघतात. आमची ही आदल्या रात्री म्हणते, “अहो, तुम्ही झोपा, मी जाईन एकटी.” लग्नाला पुरेशी वर्षं झालेल्या पुरुषाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साडेचारला कपाट उघडलं जातं. नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रात ठरतात आणि सबंध महाराष्ट्र ते पाळतो. घटनेतली कलमंसुद्धा इतकी पाळली जात नसतील. “हा मोरपंखी आहे का हिरवा?” असं मला विचारलं जातं. झोपेत मला सगळेच रंग करडे दिसतात. रात्री पुन्हा चतुःशृंगीची यात्रा आहेच. पाळणे, भेळ, पिपाण्या, रांगेत हरवलेली मुलं आणि त्यांच्याहून जास्त हरवलेले त्यांचे वडील.

एकटा भोंडला तेवढा माणुसकीच्या वेळेला व्हायचा. उन्हं कलली की पाटावर हस्ताचा हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची आणि दिवेलागणीला घरी. पण आता सुना-मुली हिंजवडीहून परत येतात तेव्हा आठ वाजलेले असतात. त्यामुळे आमच्या सोसायटीचा भोंडला जेवणं उरकून रात्री साडेनऊला सुरू होतो. खिरापतीतली गंमतही अवघड झाली आहे. चिवड्याचा आवाज येतो, लाडू गडगडतात, गेल्या वर्षी एकीने मोमो आणले. मोमोचा कसलाच आवाज येत नाही. साडेदहा वाजले तरी कोणाला ओळखता येईना, शेवटी वॉचमनने वासावरून ओळखले.

कोजागरीला तर जागं राहणं हेच व्रत. कोण जागं आहे ते पाहायला लक्ष्मी मध्यरात्री येते, म्हणून गच्चीवर सतरंज्या पडतात. या जागरणाची तयारी काय, तर आटवलेलं गरम दूध, त्यात साखर, केशर आणि वर जायफळ! तान्ह्या पोराला झोप यावी म्हणून आजी जे उगाळून चाटवते, तेच जायफळ. ज्याने कोणी हा पदार्थ या रात्रीसाठी नेमला, त्याचं लक्ष्मीशी काहीतरी वाकडं असलं पाहिजे. दुसऱ्या पेल्यानंतर आमची निम्मी सोसायटी कठड्याला टेकून घोरत असते. उरलेली निम्मी, शेजारच्या नव्या टॉवरच्या क्रेनमागून चंद्र कधी बाहेर येतो याची वाट पाहते, कारण त्याचं प्रतिबिंब दुधात पडल्याशिवाय सेक्रेटरी तिसरा पेला देत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या विठ्ठलमंदिरात काकड आरती सुरू होते. ती महिनाभर चालते, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, पहाटे पाचला. देवाला उठवण्यासाठी ती असते असं म्हणतात. देवाचं मला माहीत नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे दिवाळी. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी उटणं, मोती साबण, पायाखाली फुटणारं कडू कारीट. उशिरा उठणारा नरकात जातो, हे लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिथे निदान झोपू देत असतील. म्हापशाला माझी मावसबहीण आहे, तिच्याकडची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. गोव्यात आदल्या रात्री नरकासुराचे अवाढव्य पुतळे मिरवतात आणि पहाटे जाळतात. म्हणजे झोपेचा प्रश्नच ठेवत नाहीत. आम्ही मात्र झोपायचं नाटक करतो आणि चारचा गजर लावतो.

अंघोळ झाली की दिवाळी पहाट. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा आमच्या सारसबागेत तरुण मंडळी जमतात ती एकमेकांना पाहायला. त्यांचं ठीक आहे, त्या वयात झोप हा विषय नसतो. आमच्या वयाला नाट्यगृहातली दिवाळी पहाट. पहिल्या तीन रांगा निमंत्रितांसाठी राखीव आणि रिकाम्या. मग आपण सिल्कचा झब्बा, कानात अत्तराचा फाया. निवेदिका ‘मंगलमय’ हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत थकवून टाकते, प्रायोजकांचे सत्कार होतात, आणि साडेसहाच्या सुमारास एकदाचा भैरव लागतो.

शास्त्रीय संगीताचा मोठा गुण असा, की त्यात डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. उलट मान देतात. तल्लीन कोण आणि झोपलेलं कोण हे ओळखायची खूण एकच: समेवर मान हलली तर रसिक. पण सराईत माणूस झोपेतही तबल्याच्या धक्क्याने समेवर मान हलवू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो. गेल्या वर्षी शेजारच्या गृहस्थांनी मध्यंतरात मला विचारलं, “आपण कोणाकडे शिकलात?”

या ऋतूत दिवसाउजेडी उत्साहाने काही करणारी जमात एकच, ती म्हणजे मातीत हात घालून किल्ला करणारी पोरं. टळटळीत उन्हात त्यांची तटबंदी चालते, बुरुजांवर अळीव पेरले जातात, मावळे पहाऱ्यावर उभे राहतात. मावळ्यांनाही झोप नाही.

मराठी माणसाने यावर एकच उतारा शोधला. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि महाराष्ट्राला दुपारी आडवं होऊन छातीवर ठेवायला काहीतरी मिळालं. त्यामागे वाङ्मयाची सेवा होती, असं समीक्षक सांगतात. जाडजूड अंक, फराळाचं ताट आणि गरगरता पंखा एवढ्या सामग्रीवर शरदातली सगळी उधारी दोन-तीन दुपारींत फिटते. माझा तर असा दावा आहे, की आपले वैचारिक लेख एवढे लांबतात ते वाचकांच्या या गरजेपोटीच. विनोदी लेखाला मात्र ही सवलत नाही, म्हणून आवरतो.

आमच्याकडे यंदाच्या दिवाळी पहाटेच्या दोन प्रवेशिका जादा आहेत. पाचवी रांग, मधल्या वाटेलगत, कार्यक्रम पहाटे साडेपाचला. कोणाला हव्या असतील त्यांनी खुशाल घरी येऊन घेऊन जाव्यात. दुपारी एक ते चार सोडून.