बारशाचा फोटोवाला

निपाणीपासून बेळगावपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत हा सापडतो. लग्नसराईत हळदीपासून पाठवणीपर्यंत, निवडणुकीत उमेदवाराचा रंग चार छटा उजळण्यापर्यंत आणि एरवी पासपोर्ट साइज. हल्ली त्याच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी लिपीत नवी ओळ आलीय: ‘न्यू बॉर्न शूट’.

बारशाच्या दोन दिवस आधी तो टोपल्या, लोकरीची टोपडी आणि हीटर घेऊन येतो. पहिल्या पंधरवड्यात बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं, नंतर ऐकत नाही, हे शास्त्र त्याला यूट्यूबवर कळलंय. सूनबाईंना फोटो झोपेतलाच हवा. अ‍ॅन गेडिस या फोटोग्राफरबाईंनी १९९६ साली ‘डाउन इन द गार्डन’ या पुस्तकात बाळं फुलापानांत बसवली, त्याची हवा आता आमच्या गल्लीपर्यंत आलीय. आज्जींचं मत वेगळं. “डोळं मिटून फोटू गेल्याल्या माणसाचा काढत्यात!” कोबीच्या पानात नातू ठेवायची सूचना आल्यावर तर त्या म्हणाल्या, “पोरगं हाय का भाजी?”

आपला गडी सीमाभागातला. कुणालाच नाही म्हणत नाही. आज्जींना, “जागंच काढूया की ओ!” सूनबाईंना हळूच, “झोपलं की हाक मारा, मॅडम.”

आधी जागेपणीचा. हा पाच हातांवरून खुळखुळा वाजवत “इल्लि नोडु, इल्लि नोडु!” करतो. नवजात बाळाला धड दिसतं ते वीतभर अंतरावरचं, म्हणजे दूध पिताना आईचं तोंड तेवढं. बाळ ट्यूबलाइटकडे बघून उचकी देतं. “मराठी लेकराला कन्नडात हाक मारतोस, कसं बघंल?” आज्जी. मग मराठी होतं, हिंदी होतं. बाळ दोन्ही डोळे नाकाशी आणून जांभई देतं. मला विचाराल तर तोच फोटो सगळ्यांत छान येतो. टोपलीतली झोपलेली बाळं शेजारच्या घरातलीही तशीच दिसतात. पण मला कोण विचारतंय?

एवढ्यात बाळ झोपतं, आणि झोपेत ओठ मुडपून हसतं. ओळखीचं हसू यायला अजून महिना-दीड महिना, पण आज्जींना कोण सांगणार? “सटवाई हसवूलालीय! काढ रे, काढ!” नियम कुठल्या कुठे. हा लाइटची छत्री उघडेपर्यंत सटवाई निघून जाते. “परत हसवा की, आज्जी,” हा म्हणतो.

मग ‘बेडूक पोज’. हनुवटी हातांवर टेकवलेलं बाळ खरं तर कुणीतरी धरलेलं असतं; एका फोटोत डोकं धरायचं, दुसऱ्यात हात, आणि संगणकावर दोन्ही जोडून धरणारे हात पुसायचे. इथे धरायला आज्जी. अल्बम आला तेव्हा हात पुसले गेले होते, बाळाच्या कानामागे एक हिरवी बांगडी तेवढी राहिली होती.

नंतर दुबईहून बाळाच्या बापाचा फोन: पासपोर्टला फोटो पाहिजे, डोळे उघडे, मागे पांढरं. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो काढूनच न्यावा लागतो. बाळ ढाराढूर. तळव्याला गुदगुल्या झाल्या, ओला पंचा झाला, आत्यानं थाळी वाजवली.

“राहू दे ओ,” फोटोवाला कॅमेरा मिटत म्हणाला, “ह्याच्या थोरल्या भावाचे डोळे माझ्याकडं आहेत. तेच बसवतो.”