पाय धुऊन या, द्राक्षं तयार आहेत

ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बर गावात १९६४ साली महामार्गालगत काँक्रीटचं अवाढव्य केळं उभं राहिलं. गाड्या थांबतात, माणसं केळ्याच्या पोटात शिरून बाहेर येतात आणि धन्य होतात.

फळाचं प्रेक्षणीय स्थळ करण्यात नाशिककर एक पाऊल पुढे गेले. १९९९ साली सुरू झालेल्या सुला विनयार्ड्स या वाइनरीत पाहुणे हंगामात पैसे मोजून टबात उतरतात आणि द्राक्षं तुडवतात. पँटी गुडघ्यापर्यंत वर, मोबाइल त्याहून वर.

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशावरून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांना प्रयोगशाळेचा धसका बसला तो बसलाच. टबात उतरणाऱ्या तळव्यांचा अहवाल मात्र कोणी मागत नाही.

खरं प्रेक्षणीय स्थळ नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवर आहे. घडांना ऊन लागू नये म्हणून शेतकरी बागेवर जुन्या साड्या पांघरतो. लाल काठाची, फिकट झालेली गुलाबी, मधेच कुणाच्या लग्नातली जांभळी. खाली एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. अग्रलेखाचा एवढा उपयोग दुसरीकडे क्वचितच होत असेल. इथे ना तिकीट, ना सेल्फी पॉइंट.

फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली, तर इथेही द्राक्षं पायाखाली येतात, तीही फुकट. या सोहळ्याला पाहुणे मोजकेच: तलाठी, कृषी सहायक आणि पंचनाम्याचे कागद.